मी घेत नाही

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

निशिगंधा,

आशीर्वाद लिहून सुरुवात करायची पद्धत आहे. तो तुला माझ्याकडून हवा आहे की नाही ते ठाऊक नाही, म्हणून कामाचंच लिहितो. माझ्या फोनवरून तुझा नंबर लागत नाही, तेजस्वीच्या फोनवरून लागतो, तेव्हा काय ते समजलो. तिच्या फोनवरून बोलता आलं असतं. पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास तर पुन्हा लावायचं धाडस झालं नसतं.

काम एवढंच आहे. आबा गेले तेव्हा त्यांना नेमकं काय झालं होतं? मी तेव्हा फुटबॉलच्या सामन्यांसाठी गोव्याला होतो. शेवटचा दीड महिना दवाखान्यात तूच होतीस. घरात सगळे 'कावीळ' म्हणतात. इथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, वडिलांना साखर होती का, पोटात पाणी झालं होतं का. मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. चौपन्न वर्षांच्या माणसाला आपला बाप कशानं गेला ते सांगता येत नाही, म्हणून त्या म्हणाल्या, घरी विचारून या.

मला विशेष काही नाही. थकवा येतो, उजव्या कुशीत जड वाटतं. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. हल्ली घरटी एकाला असते म्हणे.

आबांचे जुने कागद असतील तर झेरॉक्स पाठव. नसतील तर आठवेल ते दोन ओळींत लिही. आमच्याकडे सगळं ठीक. अवनीला पुण्यात नोकरी लागली. दुकान चाललंय.

अमरसिंह


६ फेब्रुवारी २०२५

निशिगंधा,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी वाट बघत होतो असं नाही, पण पोस्टमन दुकानावरून जातो तेव्हा नजर जाते.

मागच्या पत्रात 'विशेष काही नाही' लिहिलं, ते खरं नव्हतं. लिव्हर किती कडक झालंय ते मोजायचं एक मशीन असतं. आकडा सातच्या आत हवा. माझा साडेअकरा आला. सिरोसिसच्या एक पायरी अलीकडे, असं बाईंनी सांगितलं. साखर काठावर आहे. उपाशीपोटी इन्सुलिन मोजलं ते एकतीस, म्हणजे हवं त्याच्या कितीतरी वर. वजन अठ्ठ्याण्णव किलो.

तपासणीच्या दिवशी बाईंनी तेजस्वीला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर म्हणाल्या, "आता मिसेस बाहेर आहेत. खरं सांगा, रोज किती घेता?"

मी म्हणालो, "मी घेत नाही."

"आठवड्यातून?"

"कधीच घेतलेली न्हाय."

त्या म्हणाल्या की सगळे असंच सांगतात, त्यांना कुणाकडे तक्रार करायची नव्हती, औषध ठरवायचं होतं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला उलट्या बाजूनं वाचता आलं नाही.

रक्ताचे सगळे रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते बघून बाईंनी मान्य केलं की हे दारूचं नाही. पण मधल्या आठ दिवसांत एकदा मी जेवून दुकानात उतरलो तर तेजस्वी स्टुलावर चढून बुटांच्या खोक्यांमागं हात घालून बघत होती. मी विचारलं, "काय हुडकालीस?" ती म्हणाली, "काय न्हाय, धूळ बघालोय." अठ्ठावीस वर्षांचा संसार आहे आमचा. मी चिडलो नाही. नाही म्हणायला माझ्याकडे 'नाही' एवढाच शब्द होता, आणि तो पुरत नव्हता. स्टूल धरून उभा राहिलो, ती उतरली, चहाचं विचारून वर गेली.

त्या दिवशी मला एका माणसाची आठवण झाली. त्याबद्दल आज लिहीत नाही.

अमरसिंह


१६ मार्च २०२५

निशिगंधा,

तुझं कार्ड मिळालं. 'आबांना साखर होती. पोटात पाणी झालं, दोनदा काढलं. दारू त्यांनी कधी तोंडाला लावली नाही, तरी डॉक्टर रोज विचारायचे. कागद नाहीत.' खाली सही नव्हती, पण 'झ' अजून तसाच काढतेस.

बाईंना कार्ड दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, तुमच्या घरातच हे असणार. मग नीट समजावून सांगितलं. जेवलं की रक्तात साखर येते, इन्सुलिन ती पेशींत पोचवतं. माणूस सारखा खात राहिला, बसून राहिला, की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. जास्तीच्या साखरेची चरबी होते, ती लिव्हरमध्ये साठते. चरबीनं आतून सूज धरते. सूज वर्षानुवर्षं राहिली की व्रण पडत जातात आणि लिव्हर कडक होत जातं. यातलं काही दुखत नाही, म्हणून कळत नाही.

मला ते पटलं. पेठेच्या टीमकडून खेळायचो तेव्हा दोन वेळा मैदान, कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, बदाम, अंडी, रविवारी मटण. पस्तिसाव्या वर्षी गुडघा गेला. खेळ सुटला, खुराक सुटला नाही. वर दुकानात बसून दिवसाला आठ चहा, तेही गोड. बाईंनी मानेकडे बोट दाखवून विचारलं, हा काळपटपणा कधीपासून? तेजस्वी कित्येक वर्षं तो मळ समजून साबणानं घासायची. तो मळ नव्हता. इन्सुलिन वाढल्याची खूण होती.

अशी मान तुझ्या नृसिंहरावांची होती. मी त्यावरून त्यांना चिडवायचो. 'मास्तर, खडूनं पांढरी करून घ्या,' असं पंगतीत म्हणालो होतो. ते हसले होते.

आता लिहितोच. आमच्या वरच्या मजल्याच्या वास्तुशांतीला, पाच वर्षांपूर्वी, तुझ्या नवऱ्याला न्हाणीघरात रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरनी सिरोसिस म्हणून सांगितलं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढं, असा माणूस मी एकाच व्यसनात बघितला होता. मी कॉरिडॉरमध्ये वीस पावण्यांसमोर बोललो, "शाळंत पोरांस्नी संस्कार शिकवायचे आन् घरात बाटली लावायची. माझ्या भनीचं वाटोळं केलंस." त्यांना स्ट्रेचरवरून नेत होते. त्यांनी डोळे उघडले, 'मी घेत नाही' एवढंच म्हणाले. मी हसलो.

तू म्हणालीस, "दादा, आजपासून मला भाऊ न्हाय." तेवढं बोलून स्ट्रेचरमागून गेलीस.

मी चुकलो होतो. हे लिहायला मला स्वतःचा रिपोर्ट यावा लागला, त्यात माझं मोठेपण काही नाही.

साखर बंद केली आहे. भात एक वाटी. सकाळी रंकाळ्याला फेरी, संध्याकाळी तालमीत जाऊन थोडं वजन उचलतो. चार किलो उतरलं.

अमरसिंह


२० एप्रिल २०२५

निशिगंधा,

मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. एक गोष्ट राहिली आहे. दोन वेळा लिहायला बसलो आणि वजनाचं लिहून कागद फाडला.

वास्तुशांतीनंतर महिन्याभरानं राजवर्धन दुकानात आला होता. आमच्या टीमचा जुना गोलकीपर, आता नृसिंहरावांच्या शिक्षणसंस्थेचा संचालक. शाळेला जर्सी हव्या होत्या. बोलता बोलता म्हणाला, जूनपासून तुमचं पावणं मुख्याध्यापक होणार, नंबर त्यांचाच आहे. मी विचार केला नाही, किंवा केला. म्हणालो, "राजा, तो पितोय. लिव्हर गेलंय. मी रिपोर्ट बघितलाय." तो म्हणाला, घरचा माणूस सांगतोय म्हणजे खरंच असणार.

पुढचं तुला माहीत आहे. संस्थेनं नृसिंहरावांना बोलावून 'प्रकृतीच्या कारणावरून मला हे पद नको' असं लिहून घेतलं. त्यांच्याहून चार वर्षांनी मागं असलेला माणूस त्या खुर्चीवर बसला. असं का झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. ते माझ्यामुळे झालं.

त्या वेळी मी स्वतःला सांगत होतो की शाळेतल्या पोरांच्या भल्यासाठी बोललो. ते खरं नाही. कॉरिडॉरमध्ये तू मला सगळ्यांसमोर तोडलंस, त्याचा राग होता. तुझ्यावर काढता येत नव्हता.

हे मी तेजस्वीलाही सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुलाच लिहितोय.

अमरसिंह


२५ मे २०२५

निशिगंधा,

तुझं कार्ड काल आलं आणि मला काही कळेनासं झालं. तू विचारतेस वजन किती उतरलं. लिहितेस की ह्यांची एंडोस्कोपी झाली, ठीक आहे, एकतीस तारखेला शाळेत ह्यांचा निरोप समारंभ आहे, आणि अवनीला बघून किती वर्षं झाली. या वेळी खाली सही पण आहे.

राजवर्धनबद्दल एक अक्षर नाही. तुझा राग मला ओळखता येतो. हे ओळखता येत नाही. वाचून गप्प बसलीस का? की ते तुला आधीच माहीत होतं?

तू काही बोलली नाहीस म्हणून मी थांबलो नाही. राजवर्धनकडे गेलो. माझे रिपोर्ट त्याच्यापुढं ठेवले, म्हणालो, "हे बघ. मी पितो का?" तो म्हणाला, "अमरदादा, तुम्ही? कसं शक्य हाय." मी म्हणालो, तेही पीत नव्हते. मी बोललो ते खोटं होतं. त्यानं रिपोर्ट माझ्याकडे सरकवले. मग म्हणाला, आता आठ दिवसांत रिटायर होणार माणूस, आता काय करू मी? त्याचं बरोबर होतं. मी तिथंच बसून संस्थेच्या नावानं सगळं लिहून दिलं आणि त्याची पोच घेतली. प्रत सोबत जोडली आहे.

वजन नव्वद.

मला एकतीस तारखेला कुरुंदवाडला यायचं आहे. स्टेजवर दोन मिनिटं मिळाली तर ज्या लोकांच्या कानावर ते गेलं त्यांच्यासमोर सांगेन. तू नको म्हणालीस तर येणार नाही. उत्तर आलं नाही तरी येणार नाही.

अमरसिंह


२२ जून २०२५

निशिगंधा,

हे पत्र रजिस्टरनं पाठवतोय. पोस्टमन तुझीच सही घेईल. त्याचं कारण पुढं आहे.

समारंभाला मी आलो नाही, कारण तुझं उत्तर आलं नाही. ते का आलं नाही हे मला गेल्या मंगळवारी कळलं.

नृसिंहराव दुकानात आले. एकटेच, एसटीनं. मी ओळखायला क्षणभर चुकलो. पोट राहिलेलं नाही, केस पूर्ण पांढरे. दुकानात एक गिऱ्हाईक शटलकॉक बघत होतं. ते जाईपर्यंत नृसिंहराव बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. मग पिशवीतून दोन पाकिटं काढून काउंटरवर ठेवली. एप्रिलचं आणि मेचं. दोन्ही फोडलेली.

म्हणाले, "दादा, ही तिनं वाचलेली नाहीत. शाळेला सुट्टी होती, पोस्टमन आला तेव्हा मी घरी होतो. आधीची सगळी तिनं मला वाचून दाखवली होती, म्हणून हेही उघडलं. उघडायला नको होतं."

मी बसा म्हणालो, ते तर बसलेलेच होते.

ते म्हणाले, तू आता घरात माझं नाव घ्यायला लागली आहेस. पाच वर्षांत घेतलं नव्हतं. परवा भाकरी थापताना अवनी लहानपणी कशी बोलायची त्याची नक्कल करत होतीस. हे वाचलं असतंस तर ते तिथंच थांबलं असतं.

मी विचारलं, तुम्हाला आधी माहीत होतं का? त्यांना शंका होती. कुणीतरी सांगितलं एवढं संस्थेत बोललं जात होतं. कोणी, ते त्यांच्यासमोर कुणी काढलं नाही.

मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो. "मी माफ केलं असं समजू नका. मला मुख्याध्यापक व्हायचं होतं. पाच वर्षं मी त्या टेबलापुढं उभा राहून रजेच्या अर्जावर सही घेत होतो. पण तिला भाऊ एकच आहे. ही पत्रं जाळा नाहीतर तिला द्या. मी कधी काही बोलणार नाही."

चहा मागवला होता. तो त्यांनी बिनसाखरेचा मागून घेतला, प्यायले आणि गेले. बसस्टँडवर सोडतो म्हणालो तर चालत जातो म्हणाले, चालायला सांगितलंय.

पाकिटं चार दिवस गल्ल्याच्या खणात होती. जाळायचं मी ठरवलं होतं, हेही तुला ठाऊक असावं. तेजस्वीनं विचारलं कसला विचार चाललाय, तेव्हा पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. तिनं गल्ल्याचा खण उघडून पाकिटं बघितली. मग म्हणाली, "त्यांनी तुमच्यासाठी जन्मभर बायकोपास्नं लपवायचं व्हय?"

मला तेवढं पुरलं. तो माणूस माझ्यामुळे पाच वर्षं तोंड मिटून बसला. उरलेली वर्षंही त्यानं माझ्यासाठी गप्प बसावं, एवढं मागायचा मला अधिकार नाही. म्हणून दोन्ही पत्रं यात घातली आहेत. तारखेप्रमाणे वाच. त्यांच्यावर रागावू नकोस.

तुझं उत्तर आलं नाही तरी मी समजेन.

अमरसिंह


१४ सप्टेंबर २०२५

निशिगंधा,

परवा तू आलीस. बारा आठवडे काही आलं नव्हतं, तेव्हा मी वाट बघायचं बंद केलं होतं. तपासणीची तारीख तुला तेजस्वीनं कळवली, हे तिनं घरी आल्यावर कबूल केलं.

मी दवाखान्यात बाहेरच्या खुर्चीवर नंबरची वाट बघत होतो, तू येऊन एक खुर्ची सोडून बसलीस. मला वाटलं दुसरंच कुणी आहे. तू समोर बघत बोललीस. तुझे शब्द मी विसरणार नाही, तरी लिहून ठेवतो.

"मी माफ करायला आलेली न्हाय. ते ह्यांचं ह्यांनी बघावं. आबांच्या टायमाला मी अशा खुर्चीवर दीड महिना एकटी बसलेली. तू गोव्याला होतास. वीस वर्षांची हुते मी. रोज नवा डॉक्टर यायचा, विचारायचा, किती पितात? मी न्हाय म्हणायची आन् तो हसायचा. तुला तेवढं तरी कळायला पायजे हुतं, दादा."

डॉक्टर विचारायचे एवढं तुझ्या कार्डावर होतं, ते हसायचे हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. तुझ्या नवऱ्यावर मी हसलो तेव्हा तू वीस वर्षांच्या त्या पोरीसारखी उभी होतीस, हे मला परवा दिसलं. बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आकडा आठ आला. साडेअकरावरून आठ. वजन पंच्याऐंशी. बाई खूश होत्या, म्हणाल्या वर्षभर असंच ठेवलं तर आणखी खाली येईल, व्रण थोडेफार भरून येतात. तू रिपोर्ट माझ्या हातातून घेतलास आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलास. मग घडी घालून मला परत दिलास. दुसरं कुणी इतकं लक्ष देऊन तो कागद वाचलेला नाही.

बाईंनी तुला विचारलं, तुम्ही सख्ख्या बहीण ना, वडील असे गेले, भाऊ असा, तुमची कधी तपासणी झाली आहे का? तू म्हणालीस, मला काय धाड भरलीय. त्यांनी पुन्हा सांगितलं तेव्हा 'बघू' म्हणालीस. 'बघू' म्हणजे तू करणार नाहीस. माझंही तसंच होतं. थकवा तीन वर्षं होता आणि मी वयाला नावं ठेवत होतो.

तेव्हा असं करतो. येत्या गुरुवारी सकाळी सातला मी गाडी घेऊन कुरुंदवाडला तुमच्या दाराशी येतो. बुधवारी रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घेऊ नकोस. रक्त द्यायचं, मशीनवर दहा मिनिटं झोपायचं, संपलं. वाटेत बोलायचं नसेल तर बोलू नको. नृसिंहरावांना यायचं असेल तर मागं जागा आहे.

तू दार उघडलं नाहीस तर हॉर्न वाजवणार नाही. नऊपर्यंत गाडीत बसेन, मग दुकान उघडायला परत जाईन. पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन.

दादा